हरेश सरांचं शिफारसपत्र

...आणि तो क्लार्क मला म्हणतो, "आजोबा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी झालात, वय एकाहत्तर, तुम्ही कॉलेजात टिकाल असं दोन शिक्षकांनी लिहून द्यायला हवं." मी टिकेन का? तुम्हाला सांगतो, आमच्या गव्हाण गावची निम्मी पोरं माझ्या शब्दावर न्हावा शेवा बंदरात कामाला लागली, बळीराम हो म्हणाला की कोणी दुसरा कागद मागत नसे, आणि आता माझ्यासाठी मीच कागद मागायचा... बरं, मागू. आयुष्यभर जमिनीचे कागद दुसऱ्यांनी समजावून सांगितले. आता बीए होऊन स्वतः समजून घेणार. ठरलंय.

पण मागायचं कोणाकडे? पनवेलच्या क्लासात मला शिकवलं दोघांनी. मनिषा मॅडम आणि हरेश सर. आणि हरेश सरांचं लग्न मी मोडलेलं.

मोडलं म्हणजे काय, सर आमच्याच आळीतले, मुलीकडचे चौकशीला आले, म्हणाले, "मुलगा कसा आहे?" मी म्हटलं, "सज्जन. सुपारीचंही व्यसन नाही. फक्त बोलायला लागला की थांबत नाही." पाहुणे चहा न पिता गेले. यात माझं काय चुकलं? खरं तेच सांगितलं.

म्हणून आधी मॅडमकडे गेलो. त्यांनी उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या. 'बळीराम घरत यांना मी ओळखते. ते वर्गात येत असत.' म्हटलं, "आणखी काही?" तर म्हणतात, "काका, मी तपासलेले पेपर तुम्ही पुन्हा तपासायचात, ते लिहू?" नको म्हटलं. बाईंनीही खरं तेच सांगितलं.

राहिले सर. आमची बायको चंद्रावती दारातून म्हणते, "जावा आता, पाया पडा. तुमाला कोनी सांगितलं व्हतं तोंड उघडायला?" गेलो. पाया पडलो नाही, वयाने मी मोठा. म्हटलं, "पत्र हवं. शनिवारी पाचच्या आत." वाटलं, दार लावतील. तर सर म्हणतात, "काका, ते मोडलं म्हणून मला मनस्वीसारखी बायको मिळाली, तुमचे उपकार, बसा, लिहितोच..." आणि बसले.

गुरुवारी बसले. शुक्रवारी चौदा पानं झाली आणि त्यात मी अजून पहिल्या दिवशी चपला काढत होतो. शनिवारी त्यांची बायको चहा ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "काका, आमचे बाबा चौकशीला तुमच्याकडे का नाही आले हो?" साडेचारला अर्ध्या वाक्यावर पानं ओढली, सही घेतली, रिक्षा केली, तर सर आधीच रिक्षात. म्हणे, थोडं सांगायचं राहिलंय.

पाचला कॉलेजच्या खिडकीशी सर सुरू झाले. बळीरामकाका असे, बळीरामकाका तसे... साडेपाच झाले, क्लार्कला खिडकी लावता येईना. शेवटी त्याने न वाचताच फॉर्मवर शिक्का मारला, झाला माझा प्रवेश, आणि वाकून मला विचारतो, "आजोबा, हे कधी थांबत नाहीत का?"

सर शेजारी उभे. माझंच कौतुक चाललेलं.

काय करणार... खरं तेच सांगितलं.