बारशाला नेलेले तीन पाशिंजर

…आन वरून मलाच म्हणतात, उशीर तुझ्यामुळं झाला! माझ्यामुळं? पोरगी माझी, बारसं माझ्या पोरीचं, गाडी माझी, मग उशीर करायची हौस मला का असंल? पण तुम्हाला सांगतो, आमच्या नांदेडकडच्या माणसांना एक रोग हाय. त्याचं नाव 'दोन मिनटं'. "निघालेच, दोन मिनटं!" असं ज्यानं म्हटलं ना, त्यानं अजून आंघोळीचं पाणी तापायला ठेवायचं असतंय!

पुण्यात ही भानगड न्हाई. मी संघपाल, उमरीचा, बरीच वर्षं पुण्यात अ‍ॅपवर गाडी चालवली. तिथला पाशिंजर कसा? येतो, गाडीचा नंबर बघतो, मागं बसतो, कानात हेडफोनची बोंडं कोंबतो, खलास! बोलला तर काय, "भैया, एसी थोडा बढाना." अरे, तू कोथरूडचा, मी उमरीचा, दोघं बी आईच्या मांडीवर मराठीत रडलो, मग ही हिंदी कुणाला ऐकवून राहिलास? एक मॅडम कितीदा तरी माझ्याच गाडीत बसल्या. एकदा मी हसून म्हटलं, "मॅडम, वळखलं का?" त्यांनी घाबरून नवऱ्याला लोकेशन पाठवलं!

मग मी कटाळून इकडं आलो. आता नांदेड-लातूर रोजची फेरी, एकेक सीट अ‍ॅपवर टाकायची. आन इकडचा पाशिंजर? मागं तिन्ही जागा रिकाम्या असू द्या, तो पुढंच बसणार. मागं बसून बोलायचं कुणाशी? "गाव कंचं? उमरी? उमरीत कुणाचे?" मी म्हणतो, बुद्धविहाराला लागून घर हाय आमचं. कधी कधी त्यानंतर गाडीत जरा शांतता होती, ती बी मला वळखीची हाय. पण बहुतेक वेळा, "आरं, मग त्या पोस्टातल्या अमक्याचे तुम्ही कोण?" इथून सुरू होतंय ते लोहा येईपर्यंत माझ्या आज्याची सोयरीक निघती. बुक करणार एक सीट, येणार दोघं, आन डिकीत ज्वारीचं पोतं. मी म्हटलं, "पोत्याचं काय?" तर म्हणे, "ते बोलत न्हाई, त्याचा काय तरास?"

आन लातूरवाले! ते अर्धा तास आधीच चौकात उभे. सगळं गाव क्लासच्या घंटेवर चालतंय ना! बसल्या बसल्या विचारतात, "किती वेळात पोचवता?" आन पुढं, "तुम्हाला दहावीला किती होते?" आता स्टेअरिंग फिरवायला दहावीचे मार्क लागतात का? पण सांगावं लागतंय. एकदा खड्डा चुकवताना गाडी जरा हबकली, तर मागून आवाज, "भूमिती कच्ची दिसती."

तर तो रविवार. माझ्या पोरीचं बारसं, लातूरला, सासऱ्यांकडं. आमचे सासरे व्यंकटराव गुरुजी म्हणजे रिटायर हेडमास्तर. अजून बी घरात कुणी शिंकायच्या आधी बोट वर करून परवानगी घेतं. आदल्या दिवशी त्यांचा फोन. "जावईबापू, तुमच्याकडून किती माणसं येणार?"

म्हटलं, "मी."

"ते धरलंय. बाकीचे?"

आता बाकीचे कुठून आणू? आई-बाप गेले. भाऊ न्हाई, बहीण न्हाई. चुलते तिकडं सुरतेला, त्यांना सुट्टी न्हाई. म्हटलं, "मीच."

गुरुजी म्हणाले, "बरं." बास, एवढंच. पण ते 'बरं' मला लई लागलं, खोटं कशाला बोलू? तिकडं त्यांचे पाव्हणे घरात मावंनात, आन माझ्या लेकराच्या बापाकडून कोण? बाप! त्यात पोरीच्या कानात नाव सांगायला आत्या लागती. ती कुठून आणायची? आन फोन ठेवता ठेवता गुरुजी म्हणतात, "बाराला वंदना, मग पाळणा. एकच माणूस यायचंय, ते तरी वेळेवर यावं."

बायकोनं, प्रियदर्शनीनं, बजावलं होतं, "त्या दिवशी पाशिंजर घेऊ नका हं!" "हाव, न्हाई घेत," म्हटलं. आन सकाळी हाताला काय खाज सुटली, टाकल्या तीन सीटा! सवय हो! रिकामी गाडी लातूरला न्यायची म्हणजे मला उघड्यानं गावातून फिरल्यागत वाटतंय.

तिघं भेटले. पहिले अमृतराव, लातूरचे, धोतर-टोपी, आयटीआय चौकात कधीचे उभे. "सात मिनिटं उशीर," म्हणाले. दुसरा आदर्श, नांदेडचाच पोरगा पण पुण्यात कंपनीत मुरलेला, कानात बोंडं, मागं बसला, डोळे मिटले. तिसऱ्या तुळजाबाई. नातू लातूरला क्लासला, त्याला धपाटे न्यायचे. फोन केला, तर, "निघालेच, दोन मिनटं!" मागून तव्याचा आवाज! मी म्हटलं, "मावशी, अजून भाजूनच राहिलात का?" "आरं, शेवटचा हाय, करपू देऊ का?"

आल्या एकदाच्या, तीन पिशव्या घेऊन, आन सरळ पुढं बसल्या. निघालो. बाईंनी गाव-घर विचारलं, ते सांगितलं, पण बारशाचं एक अक्षर काढलं न्हाई. कारण आपल्या माणसांना कळलं की ते कार्य आपलं राहत न्हाई, त्यांचं होतंय!

लोह्याला बाईंनी थांबवलं. "भाची फाट्यावर येती, पिशवी द्यायची. दोन मिनटं." भाची कुठं? भाची घरून निघाली होती. म्हणजे तव्यावर होती! मागून अमृतराव, "ह्यानंच नांदेडचा निकाल लागत न्हाई." ते ऐकून बाई मागं वळल्या, आन लोहा ते माळाकोळी नांदेड मोठं का लातूर मोठं ह्याच्यावर जे जुंपलं! आदर्शनं आवाज वाढवला, कानातला.

अहमदपूरच्या अलीकडं फोन आला. माझा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला, मी उचलला अन् फसलो! सगळ्या गाडीत बायकोचा आवाज घुमला, "अहो, कुठवर आलात? पोरीला अंगडं घातलं. तुमच्याकडून आत्या कुणीच न्हाई, तर बाबा म्हणतात माझ्या ताईच्या नणंदंला बसवू. चालंल का तुम्हाला?"

मी स्पीकर बंद करायला हात घातला. तेवढ्यात तुळजाबाई ओरडल्या, "अगं बाई, याच्या लेकीचं बारसं हाय!"

तिकडून, "हे कोण बोललं? तुम्ही पाशिंजर घेतले? आजच्या दिवशी?"

फोन बंद. तुळजाबाई तर एकदम गप्प, खिडकीतून बाहेर बघून राहिल्या. उमरी, विहार, माझं घरदार सगळं त्यांनी लोह्याच्या आधीच विचारून घेतलं होतं. मला वाटलं, झालं, ती वळखीची शांतता आली. बराच वेळ गेला. मग बाई वळल्या, "रंग कसा हाय पोरीचा?"

"आँ?"

"आरं, झबलं कंच्या रंगाचं घ्यायचं? रिकाम्या हातानं जाती का कुठं आत्या?"

तुम्हाला सांगतो, माझी गाडी रेषेच्या बाहेर गेली! म्हटलं, "मावशी, तुम्ही कशाला…" तर, "मावशी कुणाला म्हणतू? आक्का म्हण."

आन मग जी सुरुवात झाली! अमृतराव म्हणाले, "आता कुठंच थांबायचं न्हाई. माझं काम राहू द्या, आधी बारसं." आन हेच अमृतराव चाकूर आलं की म्हणतात, "थांबवा! घुंगरवाळा घ्यावा लागंल. दोन मिनटं!" लातूरचा माणूस! दोन मिनटं! लागण झाली हो त्यांना! दुकानात आक्काला पिवळं झबलं पाहिजे, अमृतरावाला पांढरं. दोघं भांडून राहिले, आन मी दारात घड्याळ बघून नाचून राहिलो. मदत करणाऱ्यांनी जेवढा उशीर केला ना, तेवढा त्या भाचीनं बी केला न्हाई. शेवटी त्या आदर्शनं बोंडं काढली. पहिल्यांदा आवाज ऐकला त्याचा. म्हणाला, "दोन्ही घ्या," आन बाहेर येऊन गाडीत बसला. मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

पुढं नावाची चर्चा. अमृतराव, "नाव असं ठेवा, मेरिट लिस्टमध्ये उठून दिसलं पाहिजे." आदर्श, "फॉरेनला म्हणता आलं पाहिजे." मी म्हटलं, "नाव ठरलंय. महामाया, बुद्धाच्या आईचं." आक्कानं डोळे मिटले आन लातूर येईस्तोवर पुटपुटत बसल्या, "महामाया, महामाया…" मधी कुणी बोललं की हात दाखवायच्या, इसरंल म्हणून!

पोचलो. वंदना कधीच झालेली. गुरुजी दारात, मनगट डोळ्यासमोर. आत बायका पाळण्याभोवती, ताईची नणंद पदर खोचून वाकायलाच आलेली. मी चप्पल काढून राहिलो तोवर आक्का गुरुजींच्या बगलेखालून आत! "थांबा! आत्या आली!"

सगळं घर वळलं. गुरुजी मला म्हणाले, "तुम्हाला तर बहीण नव्हती."

माझ्याआधी आक्काच म्हणाल्या, "आज झाले. अहमदपूरपास्नं. आन उशीर ह्यानंच केला, लई सावकाश चालवतो!"

बघा! बघा तुम्ही! पण मी प्रियदर्शनीकडं बघत होतो. ती माझ्याकडं अशी बघून राहिली की मला कळंना, आता रडती का मला हाणती. मग तिनं पोरगी उचलली अन् आक्कासमोर धरली. आक्कानं आधी बाबासाहेबांच्या आन बुद्धांच्या फोटोला हात जोडले, मग पोरीच्या कानात "कुर्रर्र" केलं, "महामाया!" आन बायकांनी पद्धतीपरमाणं आत्याच्या पाठीत जे गुद्दे घातले! वळख न पाळख, पण हात आखडला न्हाई कुणी. आक्का हसून हसून वाकल्या. माझ्या डोळ्याला धार लागली, लाजायचं काय त्यात? माझ्याकडचं माणूस होतं ते.

अमृतराव तर गुरुजींशेजारी जेवायला बसले, दोघांनी मिळून मेव्हण्याचे मार्क काढले, तो बिचारा ताट सोडून गेला. आदर्शनं तीनदा मठ्ठा मागितला, मराठीत! निघताना गुरुजींनी आक्काला आत्याची साडी दिली, मला बाजूला घेतलं अन् म्हणाले, "तुमच्याकडची माणसं चांगली आहेत हो." मी कशाला न्हाई म्हणू?

पण खरी पंचाईत आता झालीय. पुढल्या महिन्यात मेव्हण्याचं लग्न. नव्या सोयऱ्यांसमोर जावयाची बाजू भरलेली दिसावी म्हणून गुरुजींचा हुकूम, "यावेळी तुमच्याकडची निदान दहा तरी माणसं आणा." आक्का येणार, अमृतरावांनी कोट शिवायला टाकला, पण बाकीच्यांचं काय? सीटा टाकून राहिलोय रोज. तुमच्यातलं कुणी हाय का लातूरला निघालेलं? जेवण तिकडंच हाय, दणक्यात हाय. फक्त मांडवात कुणी विचारलं तर एवढंच म्हणा… मावसभाऊ हाय.