एक नंबरच्या रूटवरचा कळप

— न्हाय न्हाय, ती कळ दाबू नका साहेब, तिनं सगळं पुसतं. हिकडं द्या. पाच महिने मी जपलं ते तुमी हितं निमगावात माज्याच अंगणात बसून एका बोटानं घालवाल. आधी छपराखालनं बाहेर या, तिला वरची सॅटेलाइटं दिसली तरच ती बोलती. हां. आता दम धरा, दांड्या भरू द्या. बुद्धघोष साहेब, दसऱ्याला तुमी पुण्याच्या ऑफिसातनं ही मशीन आणून माज्या पोराच्या, दादासाहेबाच्या हातात दिली, तवा काय म्हणला होता — मेंढरं जितं बसतील तितं खूण टाका, सगळ्या खुणा ओवून रूट करा, म्हंजे निमगाव केतकी ते सांगवी ही मेंढरांची वाट कागदावर येईल, आन कागदावर आली तर तिच्यावर तारेचं कुंपण पडायचं न्हाय. व्हय ना? मग बघा. एक नंबरचा रूट. अठरा खुणा मुक्कामाच्या, वळणाच्या येगळ्या.

पोरगं कुटलं करतंय, मी केलं. पोरगं म्हणलं ह्यात गाणी लागत न्हाईत, आन फेकली टेम्पोत — म्हंजे कोनाड्यात. कोण शिकवणार मला? एबीसीडी मी युरियाच्या पोत्यांवरनं शिकले, आकडे यष्टीच्या पाट्यांवरनं, मास्तराचं तोंड बघितलेलं न्हाय. खुणेचं नाव एबीसीडीच्या सहा अक्षरांत बसवायचं, सातवं ती घेतच न्हाय. सांगवी बरोबर बसली. निमगाव केतकीतली केतकी बाहेर ऱ्हायली — माजं सासर असून. आन बाण कसा दावती, सरळ. मधी ऊस असो, कालवा असो, तिला काय त्याचं. पैल्यांदा मला कालव्यात उतरवत होती. म्हणून वळण आलं की दोन खुणांच्या मधी तिसरी घुसडायची, पुलाला एक, उसाच्या कडंला एक, म्हंजे ती माणसासारखी चालती. शून्य नंबरात तर काय ठेवायचंच न्हाय. चालू रूट तितं येऊन बसतो, दुसरा चालू केला की आधीचा गेला. हे मला सात खुणा घालवल्यावर कळलं, परत चालत जाऊन टाकल्या — मेंढरं घेऊन, घेऊनच की. आन शंभर पावलं हिकडं-तिकडं करती ती. आत्ता बघा, म्हणती मी, केसरबाई, भावकीच्या विहिरीत हाय. सकाळी विहिरीत असती, दुपारी त्यांच्या गोठ्यात. मी मनाला लावून घेत न्हाय.

मेंढरं? चरायला गेल्यात. डोंगराकडं. — बरं, निमगावात डोंगर न्हाय हे मलाबी ठावं हाय, माळ म्हणायचं होतं. येतील. तुमी च्या प्या.

आता ते काय उघडलं? सगळ्यात जास्त वेग — बावन्न? दिसू द्या. बावन्नच हाय. पळाली असतील. लांडगा मागं लागला होता. जळोचीपास्नं. — सांगवीपतुर, व्हय. लांडगाबी दमला असंल की, मी काय म्हणते का न्हाय दमला? असं बघू नका माज्याकडं. ठीक हाय. यष्टी होती. गुडघा धरला होता. जळोचीला हात केला, थांबली. कंडक्टर म्हणला, आजी, जनावर चालत न्हाय. मी म्हणलं, सकाळधरनं चालतंय म्हणून तर गाडीत घातलंय. त्यानं तिचं अर्धं तिकीट फाडलं. हे बघा, जपून ठेवलंय, तुमच्या कागदाला लावायला.

तिचं म्हंजे — मोनालीचं. ती मेंढी बघा खुंट्यापाशी. एक पाय आखूड हाय म्हणून व्यापाऱ्यानं घेतली न्हाय. बाकीची एकशेवीस दादासाहेबानं त्याला विकली. दिवाळीनंतर आठव्या दिवशी. मी सांगवीला भावाकडं गेलते, आले तर मेंढरांचा वाडा रिकामा आन दारात टेम्पो. त्याला आजपतुर तीन भाडी मिळाली, त्यातली दोन वरातीची. आता कळलं ना, झालं? मग तोंड उघडं ठेवू नका, माशा जात्यात.

पण खुणा खोट्या न्हाईत. त्या वाटंनं अजून चार घरांची मेंढरं जात्यात. त्यांच्याकडं मशीन घेऊन गेले, तर म्हणले नको केसरबाई, तिच्या आवाजानं मेंढ्या गाभडत्यात, पोटातली कोकरं पडत्यात. आता तिला आवाज हाय का? मग मी काय करायचं, वाट सोडायची? दादासाहेब म्हणतो, मेंढरंच न्हाईत तर वाट कशाला. त्याला म्हणलं, टेम्पो विकून उद्या मेंढरं येतील, पण तार पडल्यावर ती काय टेम्पोत उभी करून चारायची?

आन शब्द दिलेले होते की. अठरा वावरांना. मेंढरं दोन दिस बसवायची, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत वावराला, ज्वारी आमाला — सासऱ्याच्या वक्तापास्नं. सांगवीला तात्याबा वावर मोकळं करून वाट बघत बसलेला. म्हणला, मेंढरं कुटं? म्हणलं, ही काय. त्यानं मोनालीकडं बघितलं, मग माज्याकडं. दोन दिसाचा शब्द होता, दोन दिस बसलो. ती एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. मधनं मधनं कोपरे बदलत होतो, एकाच बाजूला खत नको पडाया. ती तिचं काम करत होती, मी नुसती बसले, उगं नको ते मनात आणू नका. तिसऱ्या दिवशी त्यानं ज्वारी घातली पदरात. म्हणला, मावशी, पुढल्या वर्षीबी या. अठराच्या अठरा वावरांत तसंच. दोघांनी हाकललं, तितं बांधावर बसलो. खूण बांधावर हाय, बघा, लबाडी न्हाय.

काय लिवताय? थांबलात का? वाचता येतंय मला, फिरवा कागद. ‘कळप चालताना प्रत्यक्ष पाहिला’ — आन पुढं सही. हात धजंना व्हय. न्हाय, खोटं लिवा असं मी मेले तरी म्हणायची न्हाय. तुमची नोकरी हाय, तुमच्या आईनं उन्हातानात राबून शिकवलं असंल. न्हाय बघितलं तर न्हाय लिवा. तुमी ‘न्हाय’ लिवलं की सोमवारी तारेची गाडी येईल, तेबी मला ठावं हाय.

पण बघितल्यावर तर लिवाल? मग उठा. आत्ता. जीप ऱ्हाऊ द्या, जीपमधनं कळप बघत न्हाईत. बुटाच्या नाड्या बांधा. एक नंबर चालू केला — हा बाण. पैली खूण तीन किलोमीटर. मोनाले, चल पुढं. ती पुढं, मी मधी, तुमी मागं. काठी धरा. अशी न्हाय, आडवी. किती झालो? मला मोजता येतंय, तुमीबी मोजा आन तेवढंच कागदावर मांडा. अंतर सोडू नका. आन तोंड मिटा आता, साहेब. मागं चालणाऱ्यानं बोलायचं नसतं.