मेडल लावणाऱ्या बाई

मेडलचं म्हणाल तर एक मलाही मिळालंय, आणीबाणी उठली त्या वर्षी. पहिल्या नंबराचं चांदीचं मेडल एका बाईंनी आपल्या मुलाच्या नावानं ठेवलं होतं. दरवर्षी त्या स्वतः येऊन ते लावायच्या. हेडसरांनी माझ्याकडून उत्तरं पाठ करून घेतली होती: मार्क किती, पुढं काय होणार. बाईंनी शर्टाला पिन लावता लावता हळूच विचारलं, "गंगेवर पोहायला जातोस का रे?"

"नाही."

"शहाणा आहेस."

स्टेजवरून खाली उतरल्यावर मी सरांना विचारलं, "असं का हो विचारलं त्यांनी?"

"त्यांचा मुलगा आपल्या या गंगेतच, गोदावरीत बुडाला. तुझ्याएवढाच होता."

मेडल लावूनच घरी आलो, तर सकाळी वाळत घातलेली माझी पोहायची चड्डी दोरीवर अजून ओलीच होती.