पट्टा धरणारा

...आणि वर पोरं मलाच म्हणतात, 'सर, कळलं नाही!' मला, सर! आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला! तुम्हाला सांगतो, हा व्हिडिओचा वर्ग माझ्या दादाचा. मी नुसता त्याचा पट्टा धरणारा. पट्टा म्हणजे कमरेचाच हो! दादा डोळा कॅमेऱ्याला लावून मागं मागं चालायचा, पाठीमागचं त्याला काय दिसणार? म्हणून मी पट्टा धरून. महिन्यापूर्वी ह्याच इमारतीच्या गच्चीवर शूटिंग, सगळ्यांसमोर मला म्हणाला, 'गाढवा, नीट धर!' माझं टाळकं सटकलं. म्हटलं, 'धर तुझा तूच!' आणि तरातरा निघालो. अर्धा जिनाही उतरलो नव्हतो, तोच वरून किंकाळी आणि खाली अंगणात धप्प... जाऊ दे.

तर वर्ग. दादाचं एकच वाक्य मला पाठ. बघतंय कोण? कॅमेरा म्हणजे कुणाचा तरी डोळा, खाली ठेवला तर मांजर, खांद्यावर घेतला तर माणूस, पण आधी ठरवा, बघतंय कोण! सहा पोरांना दादाचा कॅमेरा दिला, म्हटलं, एकेक मिनिट वर्ग टिपा. चष्मेवाली म्हणते, 'सर, माझी मुंगीची नजर!' अख्खं मिनिट फरशी! दुसरा म्हणतो, 'माझी पंख्याची.' असा गरगरवलान्, मी बाकच धरला!

सहा क्लिपा पडद्यावर बघून झाल्या. आणि सातवी लागली.

'ही कुणाची रे?' सगळे एकमेकांकडं बघतात. पडद्यावर सहाही पोरं बाकांवर, मी फळ्यापाशी पाठमोरा. आता तुम्हीच सांगा, वर्गात माणसं सात, सातही चौकटीत... मग बघतंय कोण? कॅमेऱ्याची उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, दादाएवढी. चौकट जराशी डावीकडे कललेली, दादाची जन्माची खोड! आणि कॅमेरा मागं सरकतोय... एक पाऊल... आणखी एक... कडेनं खिडकीचं लाकूड दिसायला लागलं. उघडी खिडकी हो! मी घेतली झेप पडद्यावर, खुर्ची आडवी, मी आडवा, पोरं किंचाळली. क्लिप तिथंच संपली.

चष्मेवाली हळूच म्हणते, 'सर, कॅमेरा चुकून चालू राहिला असेल.' असेल बाई. चुकूनच असेल.

तेव्हापासून मी फळा सोडलाय. खिडकीला पाठ लावून शिकवतो, एक हात पुढं, मूठ आवळलेली. पोरं खिदळतात, 'सर, काय धरलंय?' खिदळू देत. दादा गाढव म्हणतो तेच बरोबर... नीट धरायला शिकतोय.