भावकी वाचणारं मशीन

त्या कॉम्प्युटरचं नाव काढू नका माझ्यासमोर! जामखेडला बापूंच्या प्रेसमध्ये मी लग्नपत्रिका टाइप करतो. ऐन लग्नसराईत मशीन घरघरायला लागलं, एक अक्षर उमटायला मिनिट लागायचं. बघतो तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर! पुढं शोधायला सोपं जावं म्हणून मशीन आतल्या आत प्रत्येक पत्रिका वाचून यादी करत बसलेलं. आणि बापूंचा नियम काय, तर भावकीतलं एक नाव वाढलं की नवी फाइल करायची, जुनी पुसायची नाही. प्रत्येक फाइलचं नाव 'फायनल'!

वैतागून मी ते यादी करणंच बंद केलं. मशीन एकदम गार.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. "धाकटीचं लगीन हाय. थोरलीच्या पत्रिकेतली समदी नावं घ्या. एक जरी चुलता राहिला, तर मांडवात भांडणं व्हतील."

वधूपित्याचं नाव टाकून शोधलं, पण यादीच बंद, काहीच सापडेना. फोल्डर उघडलं, तर शेकडो 'फायनल'.

"बापू, यातली कुठली फायनल?"

"मशीन वाचत हुतं ते तुला बघवलं न्हाई," बापू म्हणाले. "आता तू वाच."

संध्याकाळपर्यंत मशीन गारच होतं. शंभर टक्क्यांवर माझं डोकं होतं.