सात वातींचं प्रवचन

शांतवन : चपला बाहेर काढा, मनोरमाबाई. आत्ताच सतरंज्या झटकल्यात. आणि हे काय, ड्यूटीवरून तशाच आलात? पाचला उपासना आहे.

मनोरमा : यहोशवा लोखंडे गेला, उजागरे मास्तर. दुपारी दोन वाजता.

शांतवन : अरेरे! आपल्या नगरकडचाच पोरगा. तुमच्या इस्पितळात?

मनोरमा : इस्पितळात यायला तयारच झाला नाही. बंदरावर, झहूरभाईंच्या लाकडाच्या वखारीत गेला. हे बघा, दारातच उभे आहेत.

झहूर : सलाम मास्तर. मी हर्णैचा, आधी खलाशी होतो. तुमचा मानूस बुधवारी माझ्या फळ्यांवर येऊन पडला. रगत ओकत होता. मना काय कळंना, म्हणून या बाईंना बोलावून आणलं.

शांतवन : उपकार झाले तुमचे. पण क्षय लपवला होता त्यानं. तेल कंपनीला कळलं असतं तर पहिल्याच बोटीनं मायदेशी परत धाडला असता.

मनोरमा : म्हणूनच लपवला. वखारीत जायच्या आधी तो इथं आला होता ना?

शांतवन : कोण म्हणतं?

मनोरमा : तोच म्हणाला. खोकल्याच्या दोन उबळींच्या मधे जेवढं बोलता येईल तेवढं.

शांतवन : आला होता. दोन दिवस कोपऱ्यात पडू द्या म्हणाला. अहो बाई, याच सतरंजीवर आपली लेकरं बसतात! तुम्ही नर्स, तुम्हाला मी सांगायचं?

मनोरमा : मग मला बोलवायचं. दोन गल्ल्या पलीकडे राहते मी. तुम्ही दाराला कुलूप लावलंत.

शांतवन : खोली कंपनीची आहे. काढून घेतली तर उपासना कुठं करायची? वाळवंटात?

मनोरमा : आता ते राहू द्या. पाद्रीसाहेब बसऱ्याला गेलेत. उन्हं उतरायच्या आत माती द्यायची आहे. कबरीवर शास्त्र वाचायला चला. अर्ध्या तासाचं काम आहे.

शांतवन : आज? आज कंपनीचे लेबर ऑफिसर येणार आहेत, बाई. मोठी खोली मिळवायची आहे. नवी समई त्यांच्यासमोर पहिल्यांदा लागायची आहे. प्रवचनही समईवरच ठेवलंय. बघा, शास्त्रातली समई सोन्याच्या एकाच गोळ्यातून ठोकून घडवलेली, म्हणजे आपण सगळे एक शरीर. सात दिवे म्हणजे सात मंडळ्या. आणि जैतुनाचं कुटून काढलेलं तेल म्हणजे पवित्र आत्मा. दुःखात कुटल्याशिवाय माणसातून...

मनोरमा : पुरे.

(घासलेल्या पितळेचा आणि मास्तरांच्या केसांतल्या सुगंधी तेलाचा वास एकत्र झाला, तसा मनोरमानं नाकाला रुमाल लावला. सकाळभर रक्ताची तसराळी धुताना तिनं एकदाही नाक झाकलं नव्हतं.)

शांतवन : बसा, पाणी देतो.

मनोरमा : तुमच्या हातचं नको. शास्त्रात सात समयांच्या मधून प्रभू फिरतो, असं लिहिलंय ना? मग बुधवारी फिरताना त्याला बाहेरून कुलूप दिसलं असेल.

शांतवन : शास्त्राची थट्टा करू नका. दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला आठवा. शहाण्या पाचजणींनी आपलं तेल मूर्ख पाचजणींना दिलं नाही. आत्मा ज्याचा त्यानं मिळवायचा असतो, उसना देता येत नाही. म्हणून तर प्रभूनं त्यांना शहाण्या म्हटलं.

मनोरमा : तो तेल मागायला आला नव्हता, मास्तर. आडवं व्हायला सतरंजी मागत होता.

शांतवन : तुम्ही दमलाय...

मनोरमा : आणि त्या सात समयांच्याच पानावर पुढं काय आहे? तू आपली पहिली प्रीती सोडलीस, तर येऊन तुझी समई जागेवरून काढीन. ते वाचणार आहात साहेबासमोर?

शांतवन : ते त्या काळच्या इफिस शहरातल्या मंडळीला लिहिलंय, आपल्याला नाही.

मनोरमा : इफिसच्या! शिसारी येते हो. तुमची तर येतेच, पण माझी जास्त. आठ वर्षं तुमच्यासमोर मान डोलवत बसले.

शांतवन : असं करू. उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थना ठेवतो. नाव घेऊन.

मनोरमा : नाव घेऊ नका. तुमच्या तोंडून मला ते ऐकवणार नाही. झहूरभाई, चला. मी वाचते.

शांतवन : बाईमाणसानं कबरीवर वाचायचं? मंडळी काय म्हणेल?

मनोरमा : काय म्हणायचं ते म्हणू दे. गाडी कुठं लावलीय, झहूरभाई?

झहूर : ही काय, भिंतीच्या कडेला. पेटी मी केली बाई, गलबताच्या सागाची. जरा लांब झाली, माप घ्यायला मन धजलं नाय.

मनोरमा : असू दे. ऐसपैस झोपेल.

झहूर : एक इचारू? आमच्यात सगळे तीन-तीन मुठी माती टाकतात. तुमच्यात पयली मूठ कुणाची?

मनोरमा : घरच्या माणसाची.

झहूर : मग आता?

मनोरमा : पहिली मूठ तुमची. तुम्ही पुढं व्हा.