मुशीचं कालवण आणि तव्याचा मार : हवाबी मिरकर यांचा जबाब

नाव हवाबी उस्मान मिरकर, वय ५९, काम घरचे. मूळ गाव हर्णै, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. सध्या मुक्काम मुलगा इम्रान याचे घरी, अल हैल, देश ओमान, त्याच्याच व्हिसावर. जबाब मराठीत सांगितला. लिहून घेणारे दुभाषी श्री. धम्मदीप तांबे, नोकरी कुरुम येथे.

मी वरील बाई, ठाण्यात साहेबांसमोर बसून, विचारल्यावरून सांगते ते असे :

इम्रान माझा एकुलता मुलगा. तो मासळीच्या गोदामात सुपरवायझर आहे. झरीन माझी सून, वय २६. मुस्कान माझी नात, तीन महिन्यांची. इम्रानने हॉस्पिटलातून तक्रार दिली आहे की झरीनने मुलीला जमिनीवर आपटले आणि त्याला गरम तव्याने मारले. म्हणून झरीनच्या खाटेशी महिला पोलीस बसवली आहे आणि मुस्कानला तिच्याजवळ देत नाहीत. तक्रार खोटी आहे. तव्याने मी मारले. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे ऐकताना कोणी घड्याळ बघू नये.

रमजान ईद झाल्यावर मी इथे आले. झरीनला तेव्हा सहावा महिना होता. आमच्याकडे बाळंतिणीला मुशी, म्हणजे शार्क मासा, खायला घालतात. दूध येतं म्हणून. माझ्या सासूने मला घातली, मी नणंदांना घातली. पण गावची मुशी ती केवढी, हातभर. इथे इम्रान गोदामातून माणसाएवढ्या मुशीचे तुकडे आणायचा. मला वाटलं, जेवढी मोठी तेवढी ताकद. बाळंतपणाची वाट न बघता मी तेव्हापासूनच सुरू केलं. सकाळी सार, दुपारी कालवण, संध्याकाळी सुकी मुशी भाजून. झरीन म्हणायची, "अम्मी, आज डाळ द्या ना." मी म्हणायचे, "डाळीने दूध येतं काय गो?" आणि ताट रिकामं होईपर्यंत समोर बसून राहायचे. मी स्वतः ते खाल्लं नाही, बाळंतिणीचं ताट ते बाळंतिणीचं. इम्रानला मुशीचा वास चालत नाही. त्याला कोंबडी लागते.

मुस्कान झाली त्या सुमारास झरीनचे ओठ आणि बोटं बधिर व्हायला लागली. हातातलं सुटायचं. बाजूचं दिसायचं नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. होडीत उभं राहिल्यासारखी पाय फाकवून चालायची. इम्रान म्हणाला, नाटकं आहेत, काम नको म्हणून. पहिला मार चहाच्या कपावरून, हाताने. नंतर पट्ट्याने, पाठीवर आणि मांड्यांवर. मग उलथन्याने, त्यात डावी भुवई फुटली. मधले मार मी सांगत नाही, ते तिच्या अंगावर आहेत, बघून घ्या. मी मधे पडले नाही. एकदा दुधाचं पातेलं सांडलं तेव्हा मीही तिच्या थोबाडीत दिली. दुभाषी साहेब इथे थांबले होते. मी म्हटलं, थांबताय कशाला, लिहा.

भुवई शिवायला मीच तिला दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर यशश्री म्हणून आपल्याकडच्या बाई आहेत. त्यांनी मराठीत विचारपूस केली, काय खातेस तेही विचारलं, आणि रक्त घेतलं. गुरुवारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, रक्तात पारा आहे, असावा त्याच्या कितीतरी पट. मोठी मुशी जन्मभर दुसरे मासे खाते, त्यांच्यातला पारा तिच्या अंगात साठत जातो. तो आईतून पोटातल्या बाळात उतरतो. मुशी आजपासून बंद, मुलीलाही तपासायला आणा. मी म्हटलं, "अहो बाई, पारा तापाच्या नळीत असतो, माशात कुठून यायचा? आम्ही काय आज खातोय?" फोन ठेवून वळले तर झरीन मुस्कानच्या झबल्याला बटण लावत होती. एक बटण. लागत नव्हतं. ती बोटांकडे बघत होती आणि रडत होती. मी शेगडीवरचं कालवण उचललं आणि बेसिनमध्ये ओतलं. या अल्ला, माझ्या हाताने मी त्या पोरीला काय काय भरवलं.

शुक्रवारी इम्रान जुम्म्याची नमाज पढून आला. मी घावणे घालत होते, सोबत डाळ केली होती. मुशी कुठे म्हणाला. मी डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं. ऐकून त्याला बायकोचं काही वाटलं नाही, मुलीचं वाटलं नाही. म्हणाला, "कुठली मुशी ते सांगितलं काय तिला? गोदामावर तपासणी आली की माझी नोकरी खलास." फ्रिजात एक डबा उरला होता, तो काढून झरीनसमोर ठेवला. "खा. खाऊन दाखव, काही होत नाही ते." मी म्हटलं, "तू खा आधी." तो म्हणाला, "मला वास येतो."

झरीन सतरंजीवर बसली होती, मुस्कान मांडीवर. ती नको म्हणाली. त्याने तिचा जबडा धरला आणि गार तुकडे तोंडात कोंबायला लागला. ती ओकत होती, तो कोंबत होता. तिच्या डाव्या हातावर त्याने गुडघा दिला होता. एका हाताने, तेही तसल्या बधिर हाताने, मूल कसं धरायचं? मुस्कान घसरली, डोकं लादीवर आपटलं. झरीन तिला भलत्याच बाजूला चाचपत होती, तिला दिसत नव्हतं. इम्रानने तिचे केस धरले, "पोरगी टाकलीस!" म्हणून ओरडला आणि तिचं तोंड फ्रिजच्या दारावर आपटलं. दोनदा. तिचा तुटलेला दात दाराला चिकटलेला मी बघितला.

मी शेगडीवरचा बिडाचा तवा दोन्ही कानांना धरून उचलला, फडक्याशिवाय. पहिला त्याच्या गालावर आणि कानावर दिला. त्याने केस सोडले नाहीत. दुसरा मनगटावर दिला, हाड मोडल्याचं ऐकू आलं, तेव्हा सोडले. मी म्हटलं, "मुडद्या, तुला दूध पाजलं ते यासाठी काय?" मग मुस्कानला उचलली. ती रडत होती. तिचं रडणं इतकं गोड मला कधी लागलं नव्हतं. शेजारच्या ओमानी बाईंनी पोलिसांना फोन केला.

काल इम्रानचा दोस्त ओवेस मला भेटला. निरोप असा की, अम्मीने झरीनचं नाव सांगावं. म्हणजे अम्मी विमानाने घरी, झरीन तुरुंगात नाहीतर माहेरी, आणि मुलगी बापाकडे. नाही सांगितलं तर व्हिसा रद्द. मी ओवेसला सांगितलं, त्याला म्हणावं कर रद्द. माझ्या तळहातांवर फोड आहेत, साहेबांना पट्टी सोडून दाखवले. झरीनच्या हातावर एक नाही. जिला चमचा धरवत नाही ती तापलेलं बीड उचलेल? मुस्कान रोज तिच्या डोळ्यांसमोर पाहिजे. धरायला हात लागले तर नर्सचे घ्या, पण मूल आईपाशी ठेवा.

साहेबांनी विचारलं, पोटच्या मुलाविरुद्ध बोलताना वाईट वाटतं का. वाटतं. रात्री त्याच्या जळलेल्या गालाची आठवण येते आणि मी उठून बसते. पण म्हणून खोटं बोलणार नाही.

लिहिलेलं सगळं मला मराठीत वाचून दाखवलं. त्यात "रागाच्या भरात" असे दोन शब्द होते, ते मी खोडायला लावले. दुभाषी साहेब म्हणाले, "राहू द्या मावशी, तुमच्याच फायद्याचे आहेत." मी म्हटलं, ते राहिले तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून मला सोडाल, आणि मग कोणाला धराल ते मला कळतं. मी शुद्धीवर होते. कुठे मारायचं ते बघून मारलं. बाकी मजकूर मी बोलले तसाच आहे.